किल्ली कुणाकडे?

आठ मार्चच्या कार्यक्रमासाठी आम्हाला पंधरा-वीस पोस्टर हवी होती. गटात नियमानं येणारी एक मुलगी कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला विचारलं. ती लगेच म्हणाली, "करते की ताई. पण करू कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्याकडे एवढे मोठाले हॉल आहेत!"

"हॉलला सहा वाजता कुलूप लागतं. साडेसातला हॉस्टेलचं फाटक. खोलीत रंग काढलेले रेक्टर मॅडमना चालत नाहीत. फरशीवर डाग पडला की दंड."

शेवटी पोस्टर आमच्या कार्यालयातच झाली. सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवली, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. तिच्या तीन मैत्रिणीही आल्या. रविवारचा अख्खा दिवस चौघी ओणव्या बसून रंगवत होत्या. निघताना त्यातली एक म्हणाली, "किती दिवसांनी 'आटपा आता' म्हणणारं कुणी नव्हतं!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते चाळीस वर्षांपूर्वी मीही बोलले असते.

१९८० नंतरच्या काही वर्षांत मी अशाच एका कला महाविद्यालयात मातीकाम शिकत होते. त्याचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. मातीचं काम भाजायची भट्टी एकदम तापवता येत नाही. मातीत उरलेल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर काम तडकतं, फुटतं. हळूहळू आच वाढवत हजार-बाराशे अंशांपर्यंत न्यायची. सकाळी पेटवलेली भट्टी रात्रीपर्यंत चालते आणि शेवटचे दोन-तीन तासच सगळ्यात महत्त्वाचे असतात. भोकातून आत बघायचं, झिलई वितळली का ते ओळखायचं, आच धरून ठेवायची की बंद करायची ते ठरवायचं. हे पुस्तकात वाचून येत नाही. डोळ्यांना सवय व्हावी लागते.

आमच्या वर्गात पाच मुली आणि सात मुलगे होते. माती मळायला, भट्टी भरायला, फळ्या पुसायला आम्ही पाचही जणी पुढे असायचो. सात वाजले की वॉचमनमामा यायचे, "चला पोरींनो." आम्ही निघायचो. मुलगे थांबायचे. सर त्यांच्याबरोबर चहा प्यायचे आणि त्या चहाबरोबर जे शिकवायचे ते वर्गात कधीच शिकवलं गेलं नाही. भट्टी निवल्यावर ती उघडायची, तेव्हा आम्ही आमचीच भांडी पाहुण्यांसारखी बघायचो. सगळ्या अभ्यासक्रमात मी एकदाही भट्टी शेवटपर्यंत चालवली नाही. पदविका मात्र मिळाली. पुढे एका कारखान्यात मुलाखतीला गेले तर पहिलाच प्रश्न होता, "भट्टी सांभाळली आहे का?" माझ्या वर्गातल्या एका मुलाला ती नोकरी मिळाली. तो माझ्यापेक्षा वाईट नव्हता, पण चांगलाही नव्हता. त्याला रात्र मिळाली होती, एवढंच.

स्टुडिओ म्हणजे चार भिंती नव्हेत

कला शिकणाऱ्या मुलांना जागा हवी, हे सगळे मान्य करतात. महाविद्यालयाला मान्यता देताना समिती येते, हॉल मोजते, ईझल मोजते, नळ किती ते बघते. कागदोपत्री जागा मुलामुलींना सारखीच असते. पण जागा मोजताना तास कुणी मोजत नाही आणि किल्ली कुणाकडे असते हे तर कुणी विचारतच नाही. मला वाटतं, मुलींच्या बाबतीत सगळा प्रश्न इथेच आहे.

या कामांचं स्वरूपच बघा ना. मातीचं मोठं शिल्प करायचं तर आधी लोखंडी सळ्यांचा, लाकडाचा सांगाडा उभा करावा लागतो. त्यावर माती चढते. ती माती आठवडे न् आठवडे ओली ठेवायची असते. दोन दिवस सुटी आली आणि ओलं फडकं बदलायला कुणी गेलं नाही, की भेगा पडतात. प्लास्टर कालवलं की ते पंधरा-वीस मिनिटांत धरतं. ते अर्ध्यावर टाकून "बस निघेल" म्हणून पळता येत नाही. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापायचं तर आम्ल लागतं, धूर बाहेर जायला वारा खेळणारी खोली लागते आणि दोन माणसांनी मिळूनही न हलणारं छापयंत्र लागतं. तैलरंगाचा एक थर सुकल्यावर दुसरा. दगड फोडायचा तर आवाज होतो, धूळ उडते. यातलं काहीही घरच्या टेबलावर होत नाही, हॉस्टेलच्या कॉटवर तर नाहीच नाही.

मग मुली काय करतात? जे घरी नेता येतं ते निवडतात. लहान कागद, जलरंग, शिवण-भरतकाम, कापडावरची नक्षी. मग सर म्हणतात, "मुलींचा हात नाजूक कामाला चांगला." शिल्पकलेच्या, धातुकामाच्या विभागात मुली कमी का, तर "त्यांना अंगमेहनत झेपत नाही." उन्हातान्हात डोक्यावर विटा वाहणारी, रस्त्यावर खडी फोडणारी बाई या सरांना रोज दिसत असते. तिला झेपतं, पण हिला झेपत नाही! मुलीनं मनानं निवडलेलं जलरंग वेगळं आणि कुलपानं तिच्यावर लादलेलं जलरंग वेगळं. दुसऱ्याला "स्त्रीस्वभाव" म्हणायचं आपण बंद केलं पाहिजे.

दाराबाहेरचा जुना इतिहास

हे आजचं नाही आणि आपल्याच देशातलंही नाही. लंडनची रॉयल ॲकॅडमी १७६८ साली स्थापन झाली तेव्हा संस्थापक सभासदांत दोन चित्रकार स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफनी या चित्रकारानं तीन-चार वर्षांनी सभासदांचं एक समूहचित्र काढलं. त्यात सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. या दोघी कुठे आहेत? भिंतीवर. त्यांची दोन लहान व्यक्तिचित्रं तिथे टांगलेली दाखवली आहेत. सभासद असल्या तरी त्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. विद्यार्थिनींना तर १८६० पर्यंत दार बंदच होतं. त्या वर्षी लॉरा हरफर्ड हिनं अर्जावर फक्त आद्याक्षरं घालून चित्रं पाठवली, ती पसंत पडली, आणि मुलगी आहे हे नंतर कळलं. तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. मानवी देह बघून रेखाटणं हा त्या काळच्या कलाशिक्षणाचा पायाच होता आणि तो मुलींना तिथे आणखी बरीच वर्षं नाकारला गेला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कला अकादमीतलं १८८० च्या दशकातलं एक छायाचित्र आहे. मुलींचा शिल्पकलेचा वर्ग भरला आहे आणि मॉडेल म्हणून मध्ये उभी आहे एक गाय!

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझार्तमध्ये, मुलींना प्रवेश मिळाला तो १८९७ साली. तोही कुणी कनवाळूपणे दिला नाही. एलेन बर्तो या शिल्पकार बाईनं १८८१ साली चित्रकार-शिल्पकार स्त्रियांची संघटना काढली आणि या संघटनेनं वर्षानुवर्षं ही मागणी लावून धरली. तोवर मुली खासगी वर्गांत शिकायच्या. त्यातल्या एका नामांकित वर्गात मुलींना मुलांच्या साधारण दुप्पट फी पडे. शिल्पकार कामीय क्लोदेलनं १८८२ च्या सुमारास इतर मुलींबरोबर भाडं वाटून घेऊन एक स्टुडिओ चालवला, तो याच कारणानं. पुढे १९३० साली आपली अमृता शेरगिल त्याच एकोल दे बोझार्तमध्ये शिकायला गेली. तिच्या बुद्धीचं, रंगांचं कौतुक आपण करतो. ते दार तिच्या आधी तेहेतीस वर्षं कुणी उघडून ठेवलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडचं चित्रही तपासण्याजोगं आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथून पदविका घेतलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांत अंबिका धुरंधर यांचं नाव येतं. वर्ष १९३१. त्या चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या कन्या. त्यांच्याच पिढीतल्या अँजेला त्रिंदाद या चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांच्या कन्या. त्यांच्या गुणांना कमी लेखायचं नाही. पण दोघींच्या घरात ईझल आधीपासून होतं, तेलाचा वास आधीपासून होता आणि तो वास हा कामाचा वास आहे हे घरच्यांना समजावावं लागत नव्हतं. वडिलांचा स्टुडिओ नसलेल्या मुलींचं काय झालं, हे मात्र कुठल्याच इतिहासात लिहिलेलं नाही. अमेरिकन अभ्यासक लिंडा नॉखलिन हिनं १९७१ मध्ये विचारलं होतं, की थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत? प्रतिभेचा दोष काढणाऱ्यांना तिनं सांगितलं, की उत्तर शिकवणाऱ्या संस्थांत शोधा. कलाकारांच्या मुली पुढे आलेल्या दिसतात, याकडे तिनंही बोट दाखवलं होतं.

आणि ज्यांना विद्यापीठाची पायरी कधी दिसलीच नाही, त्यांच्या बाबतीतही जागेचा हाच हिशेब आहे. अनेक कुंभार समाजांत बाईनं चाकाला हात लावायचा नाही असा दंडक आहे. माती आणायची, चाळायची, मळायची, भांडी रंगवायची तिनं, चाक मात्र त्याचं. "कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच" ही म्हण आपण सहज वापरतो. ती उकिरड्यावर येते आव्यासाठी जळण गोळा करायला! वारली चित्रांचंही तसंच. लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, घराच्या भिंतीवर. १९७० नंतर कागद आला, शहरातलं प्रदर्शन आलं, बाजार आला आणि नाव झालं ते प्रामुख्यानं पुरुषांचं. जिव्या सोमा म्हसे यांची थोरवी मान्य करूनही हे म्हणायला हवं. काम भिंतीवरून कागदावर आणि घरातून बाहेर गेलं, तेव्हा त्याच्याबरोबर जाण्याची मोकळीक बाईला नव्हती.

हॉस्टेलचं फाटक आणि "तुमच्याच भल्यासाठी"

आज प्रवेशाची बंदी नाही. कलाशाखेच्या अनेक वर्गांत मुली भरपूर दिसतात. बंदी आता घड्याळात आहे. मुलांच्या हॉस्टेलला वेळेचा नियम नसतो, किंवा असला तरी पाळला जात नाही. मुलींच्या हॉस्टेलला तो काटेकोर असतो. परीक्षेच्या आधी, वार्षिक प्रदर्शनाच्या आधी मुलगे रात्र रात्र हॉलमध्ये राहतात. मुलींनी परवानगी मागितली तर वडिलांचं पत्र आणा, विभागप्रमुखांची सही आणा, मग रेक्टरची. तीन सह्या होईपर्यंत प्रदर्शन उरकलेलं असतं. आणि मग गुण देताना मुलाच्या सात फुटी शिल्पाशेजारी मुलीचं दीड फुटी शिल्प ठेवून तुलना केली जाते.

घरून ये-जा करणाऱ्या मुलींची गत वेगळी नाही. शेवटची एस. टी., शेवटची सुरक्षित लोकल आणि घरी गेल्यावर वाट बघणारी कणीक.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे सुरक्षितता. "काही झालं तर जबाबदार कोण?" मुलींच्या सुरक्षिततेची काळजी आपल्यापेक्षा जास्त कुणाला आहे? पण संरक्षणाच्या नावाखाली काम काढून घेण्याची ही युक्ती आपल्याला जुनी ओळखीची आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायकांना रात्री कारखान्यात कामाला बंदी केली होती. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली ते कलम घटनाविरोधी ठरवलं आणि त्याबरोबरच ये-जा, सोबत, संरक्षण यांची जबाबदारी मालकावर टाकली. तोच न्याय इथे का नको? दिवे, वाहन, पहारेकरी बाई, तक्रार समिती हे संस्थेचं काम. ते न करता मुलीला कोंडून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, म्हणूनच तो आवडता आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत, जी २०१५ ची असून २०१६ मध्ये राजपत्रात आली, स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. दिल्लीत २०१५ मध्ये मुलींनी "पिंजरा तोड" म्हणत याच प्रश्नावर मोहीम उभारली. बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये मुली धरण्याला बसल्या. संध्याकाळी आवारात एका मुलीची छेड काढली गेली आणि उलट तिलाच उशिरा फिरण्याबद्दल जाब विचारला, हा त्यांचा संताप होता. कागद आपल्या बाजूनं आहे, मुलीही उभ्या राहिल्या आहेत. पण आपल्या गावातल्या कला महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर हा नियम लावला आहे का, हे आपल्यापैकी किती जणींनी जाऊन पाहिलं?

एक गोष्ट मात्र लपवू नये. स्टुडिओ रात्रभर उघडा ठेवला म्हणजे झालं, असं नाही. कलेच्या शिक्षणात सर आणि विद्यार्थिनी तासन् तास एकत्र असतात. गुण, प्रदर्शनातली निवड, शिफारसपत्र सगळं एका माणसाच्या मर्जीवर असतं. "कलाकार मोकळे असतात" या वाक्याआड किती काय खपवलं जातं, हे मुली एकमेकींना दबक्या आवाजात सांगतात. मॉडेल म्हणून बसणारी बाई तर कुणाच्याच हिशेबात नसते. तिला कपडे बदलायला आडोसा आहे का, बसण्याचे तास किती, मोबदला काय, कुणी नकळत फोटो काढला तर तिनं जायचं कुठे? ती बहुधा गरीब घरातली असते. मुलींसाठी स्टुडिओ मागताना त्या स्टुडिओतली ही बाई वगळली, तर आपली मागणी अर्धीच राहील. तेव्हा उघडं दार आणि चालू स्थितीतली तक्रार समिती या दोन गोष्टी एकत्रच मागायच्या.

आणि संडास. आमच्या वेळी मातीकामाच्या विभागात मुलींसाठी संडास नव्हता. दुसऱ्या इमारतीतल्या संडासाची किल्ली कार्यालयात आणि कार्यालय पाचला बंद. पाळीच्या दिवसांत मुली दुपारीच घरी जायच्या. हजेरीपटावर त्याचं कारण "आजारी" असं लिहिलेलं असे.

कॉलेज संपल्यावर

खरी पडझड पुढे होते. शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो आणि हॉल, छापयंत्र, भट्टी सगळं एका दिवसात हातातून जातं. मुलगे चार-पाच जण मिळून एखादं जुनं गोदाम, गॅरेज भाड्यानं घेतात. कुणी तिथेच झोपतो. चार एकट्या मुलींना असं गोदाम कोण देतं? दिलं तर शेजारी काय म्हणतात? घरचे म्हणतात, "ए. टी. डी. कर, शाळेत लागशील." शिक्षिका होणं वाईट नाही. पण सुवर्णपदक मिळालेल्या मुलीला तो एकच रस्ता उरतो, तेव्हा त्याला निवड म्हणता येत नाही. लग्नानंतर रंगांची पेटी माळ्यावर जाते. "वेळ मिळाला की करीन," असं ती म्हणते. वेळ मिळतो तोही तुकड्या-तुकड्यांनी आणि तुकड्यांत बसणारंच काम मग ती करते.

जागा मिळाली की काय होतं, याचंही उदाहरण आपल्याजवळ आहे. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे चित्रकारांना अगदी अल्प भाड्यात स्टुडिओ मिळत. हुसेन, गायतोंडे यांच्याबद्दल आपण ऐकतो. पण तिथेच प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, काम करत. नसरीन मोहमदी करत. नलिनी मलानी तर जे. जे. मध्ये शिकत असतानाच, १९६४ ते ६७ या काळात, तिथे स्टुडिओ घेऊन काम करत होत्या. शेजारी नाटकाची तालीम, सतारीचा रियाझ, येणाऱ्या-जाणाऱ्या कलावंतांच्या गप्पा. कॉलेजात न मिळणारं शिक्षण त्या जिन्यांवर मिळालं. एका इमारतीतून या तिघी पुढे आल्या, हा योगायोग मानायला मी तयार नाही. ती इमारत पुढे गेली, तिच्या जागी उंच टॉवर उभा राहिला. तशी दुसरी जागा त्या शहरानं पुन्हा निर्माण केली नाही.

जागा मिळत नाही तेव्हा मुलींनी ती स्वतः तयार केल्याचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो इथल्या सरकारी कॉलेजात १९७० मध्ये ज्यूडी शिकागो या चित्रकार बाईनं पंधरा मुलींचा वर्ग सुरू केला. त्यांनी पहिलं काम केलं ते कॉलेजच्या आवाराबाहेर एक जुनी जागा भाड्यानं घेण्याचं. भिंती स्वतः उभ्या केल्या, रंग दिला, हत्यारं चालवायला शिकल्या. पुढे लॉस एंजेलिसमध्ये मिरियम शपिरोबरोबर तिनं दुसरा वर्ग चालवला. तिथल्या मुलींनी एक मोडकळीला आलेलं सतरा खोल्यांचं घर ताब्यात घेऊन दुरुस्त केलं आणि १९७२ च्या जानेवारीअखेरीपासून महिनाभर ते लोकांना पाहायला खुलं ठेवलं. "वुमनहाउस" हे त्याचं नाव. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपड्यांचं कपाट, जिथे बाईचं आयुष्य जातं त्याच खोल्या त्यांनी कलेचा विषय केल्या. त्यातही त्रुटी होत्या. मुली बहुतांशी गोऱ्या होत्या, काहींना ती ढोरमेहनत जाचली, बाई फार दामटतात अशी कुरबुरही झाली. तरी तिथे खिडकीला काच बसवायला शिकलेली मुलगी शिल्पाला घाबरत नाही, एवढं खरं.

मग मागायचं काय?

कुणी म्हणेल, पाणी नाही, रेशन नाही, रोज बातम्यांत बलात्कार, आणि तुम्हाला स्टुडिओ सुचतोय! हा आक्षेप मी माझ्याच गटात ऐकला आहे. माझं उत्तर असं, की स्टुडिओ ही चैनीची खोली नव्हे, ती कामाची जागा आहे. शेतमजूर बाईला समान मजुरी आणि पाळणाघर मागताना आपण जे म्हणतो तेच इथे म्हणायचं आहे. शिवाय आज कला शिकायला येणाऱ्या मुली काही सगळ्या बंगल्यातल्या नाहीत. तालुक्याच्या गावातून, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा देत, शिष्यवृत्तीवर आलेल्या दलित, भटक्या, मुस्लिम घरांतल्या मुली त्यात आहेत. श्रीमंत मुलीला बाप गच्चीवर खोली बांधून देतो. जिला घरी पाय पसरायला जागा नाही, तिलाच कॉलेजच्या हॉलची सगळ्यात जास्त गरज आहे आणि त्या कुलपाची झळ सर्वांत जास्त तिलाच बसते.

म्हणून आपल्या भागातल्या कला महाविद्यालयाकडे आणि विद्यापीठाकडे निवेदन घेऊन जाऊ या. मागण्या साध्या आहेत:

१. स्टुडिओ आणि कार्यशाळांच्या वेळा मुलामुलींना एकच असाव्यात आणि हॉस्टेलची वेळ त्यांच्याशी जुळवून घ्यावी. परवानगीपत्राऐवजी वहीत नोंद पुरेशी असावी.

२. भट्टी, ओतकाम, छापयंत्र, वेल्डिंग यांवर प्रत्येक विद्यार्थिनीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम करण्याची पाळी मिळावी आणि तिची नोंद ठेवावी.

३. प्रत्येक विभागात चालू संडास, पाणी, धूर बाहेर जाण्याची सोय, प्रथमोपचाराची पेटी आणि रात्री हॉस्टेलपर्यंत दिवे व सोबत असावी.

४. तक्रार समितीची नावं आणि फोन प्रत्येक हॉलमध्ये लावावेत. मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायकांनाही तिच्याकडे दाद मागता यावी.

५. शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षं, सुट्यांत आणि संध्याकाळी, माजी विद्यार्थ्यांना अल्प शुल्कात कार्यशाळा वापरू द्यावी. मूल लहान असलेल्या मुलींना त्यात प्राधान्य द्यावं.

६. किल्ली सांभाळणाऱ्यांत विद्यार्थिनी प्रतिनिधी असावी.

शेवटची मागणी कुणाला किरकोळ वाटेल. मला ती सगळ्यात मोठी वाटते. ज्या दिवशी मुलीच्या हातात किल्ली येते, त्या दिवशी ती त्या खोलीत पाहुणी राहत नाही.

आता थोडं आपल्याविषयी. मैत्रिणींनो, चळवळीनं या मुलींकडून नेहमी घेतलं आहे. पोस्टर, बॅनर, पथनाट्यांचे मुखवटे, अंकांची मुखपृष्ठं. "तुझा हात चांगला आहे, उद्यापर्यंत दे," असं म्हणताना ती ते कुठे बसून करणार, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. मलासुद्धा पडला नव्हता आणि मी तर त्याच वाटेनं आलेली. आपली कार्यालयं संध्याकाळी आणि रविवारी रिकामी असतात. एखाद्या खोलीतलं कपाट हलवलं, पाण्याची एक मोरी मोकळी केली, तर चार जणींना पुरेल. आमच्या गटानं तेवढं ठरवलं आहे. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी मागची खोली या मुलींची. फरशीवर डाग पडले तर पडू देत. एक किल्ली आमच्याकडे आहे, दुसरी करून त्यांना दिली.

परवा गेले तेव्हा ती मुलगी सळ्या वाकवून एक सांगाडा उभा करत होती. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अजून ठरलं नाही ताई. पण मोठं करणार आहे."